निर्लेखनाआधी

वडशात आधी धान, मग स्टेशन, मग नाटक. वैनगंगेकडच्या बांध्या रिकाम्या झाल्या की राइस मिल दिवसरात्र चालू लागतात, आणि दिवाळीपासून झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या गाड्याही त्याच रस्त्यांनी निघतात. गडचिरोली जिल्ह्यात कित्येक दशकं रेल्वे आली ती एवढ्याच स्टेशनापुरती. या सगळ्या धावपळीत कुठंतरी पत्र्याच्या शेडखाली एक लेथ फिरत असतो. तिथं हौसेनं कोणी जात नाही. काही मोडलं, झिजलं, अडलं की जातात. लेथच्या आजूबाजूला जे होतं आणि आता उठत चाललं आहे, ते जसं आठवलं तसं पुढं मांडतो.

शेपर. पहिला मान त्याचा, कारण सगळ्यात आधी भंगारात तोच गेला. एक जाड रॅम पुढं-मागं सरकतो, त्याच्या तोंडाशी एकच टूल. पुढं जाताना टूल कापतं. परतताना ते क्लॅपरवर उचललं जातं आणि रॅम रिकामाच, पण जलद मागं येतो. म्हणजे प्रत्येक फेरीचा परतीचा भाग बिनकामाचा. मोठ्या कारखान्यांना हा हिशेब परवडणारा नव्हता, म्हणून मिलिंग मशीननं त्याला तिथून केव्हाच हुसकलं. गावात तो टिकला एका कामासाठी: पुलीच्या आतला चावीचा गाळा. शाफ्ट ४० मिलिमीटरचा असेल तर चावी १२ मिलिमीटर रुंद. पुलीच्या भोकात तेवढाच गाळा, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवा. फिरतं कटर त्या भोकात आत शिरून असा गाळा पाडू शकत नाही. शेपरला लांब दांडी बांधायची, दांडीच्या टोकाला टूल, आणि दर फेरीला केसाएवढं सरकवत जायचं. मिस्त्री दुसऱ्या कामाला लागला तरी कान शेपरकडंच ठेवायचा; आवाज जड झाला की कळायचं, टूल बोथटलं.

हा गाळा संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मिलिंगलाही आतून जमत नाही, हे सांगितलं पाहिजे. त्याला ब्रोच लागतो, नाहीतर स्लॉटर, नाहीतर वायरकट. ते सगळं नागपूरला आहे. जनरेटरची पुली सैल झाली आणि रात्री नाटक उभं राहायचं असेल, तर नागपूर फार लांब पडतं. पंजाबातल्या बटाल्याहून आलेले, ओबडधोबड ओतीव अंगाचे शेपर देशभरच्या छोट्या वर्कशॉपांत होते. त्यांचं वजनच त्यांच्या मुळावर आलं. भंगारवाला किलोवर घेतो.

पट्टा. छताखाली एक लांब शाफ्ट, त्यावर पुल्यांची रांग, एकाच इंजिनावर चार मशीन. इंजिन बहुधा किर्लोस्करचं. धावता पट्टा काठीनं एका पुलीवरून दुसरीवर सरकवत. या पट्ट्यांनी धोतरं ओढली, बोटं नेली, हात नेले. हा गेला ते बरंच झालं. नोंद करतो, हळहळ नाही.

मोरचूद. शेतकऱ्याला तो फवारणीसाठी माहीत. वर्कशॉपमध्ये तो बाटलीत विरघळवून ठेवलेला असायचा. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर बोळ्यानं फिरवला की क्षणात तांब्याचा पातळ थर चढतो. त्यावर स्क्रायबरनं रेघ ओढली की ती चांदीसारखी उठून दिसते. मग सेंटर पंचनं रेघेवर ठिपके मारायचे, म्हणजे रेघ पुसली तरी ठिपके राहतात. सगळं काम त्या रेघेपर्यंत. नीट कापलं असेल तर शेवटी प्रत्येक ठिपका निम्मा उरतो, निम्मा जातो. काम बरोबर झालं की नाही हे पाहायला दुसऱ्या कोणाची गरज नाही, डोळे हवेत. आता संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांना रेघ लागत नाही, आणि रेघ नाही म्हणून मोरचूदही नाही.

सूत. इंचाचे आठ सूत. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण लेथवर बसलेल्या माणसाच्या बोटांत सूत राहिलं. 'दोन सूत काढ' म्हटलं की पाव इंच निघायचा. पाइप, बोल्ट आणि सळईच्या दुकानात ते अजून ऐकू येतं; मशीनवर नाही.

१२७ दात्यांचं चाक. हे पाहिलेली माणसं आता थोडी असतील, म्हणून जरा सविस्तर. जुन्या लेथचा लीडस्क्रू इंचाच्या हिशेबानं कापलेला असायचा, समजा इंचाला ४ आटे. त्यावर मेट्रिक आटे कसे कापायचे? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. या संख्येतला दशांश घालवायचा तर तिला पाचानं गुणावं लागतं, १२७ येतात. ही मूळसंख्या असल्यामुळं तिच्याहून लहान दात्यांचं चाक हे काम तंतोतंत करू शकत नाही. म्हणून बदली चाकांच्या जुडग्यात एक मोठं, बेढब, १२७ दात्यांचं चाक. २ मिलिमीटर पिचचे आटे पाहिजेत? स्पिंडलकडं ४० चं चाक, लीडस्क्रूवर १२७ चं. मध्ये वाटेल ते जोडचाक. इंच आणि मिलिमीटर या दोन जगांमधला पूल त्या एका चाकावर उभा होता.

त्यासोबत एक रीत होती, ती चाकाहूनही आधी गेली. इंचाच्या लीडस्क्रूवर मेट्रिक आटे कापताना, टूलचं गाडं लीडस्क्रूला पकडून ठेवणारा अर्धा नट मध्येच उघडायचा नाही. उघडला की पुन्हा तोच आटा सापडत नाही, दुसऱ्या फेरीत टूल आट्याच्या माथ्यावरून जातं आणि जॉब फुकट. म्हणून टूल बाहेर ओढायचं, मशीन उलटं फिरवायचं, सगळं गाडं तसंच मागं आणायचं, पुन्हा टूल आत. सुरुवातीपासून शेवटापर्यंत नट मिटलेला. ज्याला हे शिकवलं जायचं त्याला कारण नंतर कळायचं, शिस्त आधी. सीएनसी लेथवर एन्कोडर स्पिंडलचा कोन मोजत असतो, आणि प्रत्येक फेरीला टूल त्याच आट्यात अचूक उतरतं. तिथं हे ज्ञान लागतच नाही. ते बरोबरच आहे. पण ते लागत होतं तेव्हा एका दहावी पास पोराला मूळसंख्येचा उपयोग हातानं कळलेला असायचा.

डिव्हायडिंग हेड. लाकडी पेटीत यायचं, सोबत भोकं पाडलेल्या तीन थाळ्या. हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एक फेरा फिरतो. सगळं गणित या चाळिसावर. गिअरला २८ दाते हवेत तर ४० ला २८ नं भागायचं: एक पूर्ण फेरा आणि वर तीन सप्तमांश. सातांच्या वर्तुळाची थाळी नसते, २१ भोकांची असते. म्हणून एक फेरा आणि २१ च्या वर्तुळावर ९ भोकं. थाळीवरची दोन पाती तेवढ्या अंतरावर बांधून ठेवायची, म्हणजे दर वेळी भोकं मोजावी लागत नाहीत. कटर ठरलेलं: २६ ते ३४ दात्यांना चार नंबरचं. मग एक दाता, फिरव, दुसरा दाता, फिरव. कुठं एक भोक चुकलं तर तेव्हा कळत नाही. शेवटचा दाता बारीक निघतो, तेव्हा कळतं, आणि तोवर सत्तावीस गाळे पडून गेलेले असतात. म्हणून हे काम चालू असताना मिस्त्रीशी कोणी बोलायचं नाही. मिलमालक असला तरी बाहेरच्या बाकावर बसायचा.

कारखान्यात गिअर असे होत नव्हते, तिथं हॉबिंग मशीन होतं. डिव्हायडिंग हेड हे एकच गिअर करायचं आहे अशा जागेचं हत्यार. आणि वडशाला बहुतेक वेळा एकच गिअर हवं असतं.

पाजवलेलं टूल. चौकोनी, करड्या पोलादाची कांडी, मिरांडाची. हायस्पीड स्टील: अठरा टक्के टंगस्टन, चार टक्के क्रोमियम, एक टक्का व्हॅनेडियम असं जुनं मिश्रण. तापून लाल व्हायच्या बेताला आलं तरी धार सोडत नाही, यात त्याची किंमत. दुकानातून येताना ते टूल नसतंच, नुसती कांडी. टूल मिस्त्री करायचा, ग्राइंडरवर, हातात धरून. पुढून उतार, बाजूनं उतार, वरून उतार. नरम लोखंडाला वरचा उतार जास्त, बिडाला कमी, पितळेला अजिबात नाही. पितळेला उतार दिला की टूल स्वतःच आत घुसतं आणि जॉब चकमधून उपटतो. कांडी तापली की पाण्यात बुडवायची, पण फार तापू द्यायची नाही, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. मग टूल पोस्टमध्ये बांधताना त्याची उंची बरोबर मध्यावर यावी म्हणून खाली तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे.

या कामाचं मोजमाप कोणाकडं नव्हतं. कोनमापक कोणी लावत नसे. कीस कसा निघतो ते पाहायचं. लांब, निळसर झाक असलेली वेटोळी आली तर उतार जमला. भुगा पडला, जॉब किंचाळू लागला, की पुन्हा ग्राइंडर. प्रत्येक मिस्त्रीचं टूल वेगळं दिसायचं. चार टूल एकत्र ठेवली तर कोणाचं कोणतं ते सांगता यायचं.

आता पेटीत विडियाचे, म्हणजे कार्बाइडचे, इन्सर्ट येतात. नाव असं: सीएनएमजी १२०४०८. त्यातल्या शेवटच्या ०८ चा अर्थ टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. एक टोक झिजलं की इन्सर्ट फिरवायचं, चारही झाली की टाकून द्यायचं. वेग कितीतरी जास्त, सफाई जास्त, आणि पहिल्या दिवशी आलेला पोरगाही तेवढंच काम देतो. याच्याशी भांडण करण्यात अर्थ नाही. फक्त इतकं: इन्सर्ट ठरलेल्या आकारांत मिळतं, आणि मोडका जॉब ठरलेल्या आकारात मोडत नाही. विचित्र कोपऱ्यात पोचायला विचित्र टूल लागतं, आणि ते पाजवूनच होतं.

हँडलातला प्ले. जुन्या मिलिंग मशीनचं हँडल उलट फिरवलं की आधी थोडं रिकामंच फिरतं, मग टेबल हलतं. नट आणि स्क्रू झिजलेले. म्हणून माप नेहमी एकाच बाजूनं येत घ्यायचं. पुढं गेलं तर पुरतं मागं नेऊन पुन्हा यायचं. आणि म्हणूनच कटर ज्या बाजूला फिरतं तिच्याविरुद्ध जॉब सरकवायचा. सोबतीनं सरकवला तर कटर जॉबला आपल्याकडं खेचतं, टेबल त्या प्लेएवढं उडी मारतं, कटरचे दात मोडतात. सीएनसीत बॉलस्क्रू असतो, प्ले जवळजवळ नसतो, त्यामुळं तिथं नेमकं उलटं शिकवतात: सोबतीनं कापा, सफाई चांगली येते. एका पिढीनं जिवाच्या भीतीनं पाळलेला नियम दुसऱ्या पिढीत चूक ठरला, आणि दोन्ही आपापल्या मशीनवर बरोबर. जुन्या मशीनवर नव्या शाळेचा पोरगा उभा राहतो तेव्हा हे कोणीतरी त्याला सांगायला हवं.

स्क्रेपर. लेथचा बेड झिजला की तो हातानं खरवडून सपाट करणारे कारागीर होते. सपाट पाटावर निळा रंग पातळ लावायचा, पाट बेडवर घासायचा, जिथं निळं लागलं ती उंच जागा. तेवढीच खरवडायची. पुन्हा रंग, पुन्हा घासणं. आधी मोठे विरळ डाग येतात, शेवटी दाट बारीक ठिपके. पण तो पाट सपाट आहे हे कशावरून? इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये ग्लासगोला जो निबंध वाचला, तो याच प्रश्नावर. दोन पाट एकमेकांवर घासले तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही जुळू शकतात. तीन घ्या आणि आळीपाळीनं एकमेकांशी जुळवा. तिन्ही जुळले तर सपाट असण्यावाचून त्यांना पर्याय नाही. आधी कुठलंही अचूक हत्यार हाताशी नसताना अचूकता अशी निर्माण करता येते. यंत्रांच्या इतिहासात मला याहून सुंदर गोष्ट माहीत नाही. मोठ्या मशीनच्या कारखान्यांत स्क्रेपिंग अजून थोडं चालतं. गावातल्या लेथला ते कोणी करत नाही. बेड झिजतो, लेथ कोनात कापू लागतो, विकला जातो.

नावाच्या पाट्या. मैसूर किर्लोस्कर, हरिहर. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर जे सुरू केलं, त्याची ही लेथवाली शाखा १९४१ ची. आता बंद. एचएमटी, बेंगळुरू, १९५३. स्विस ऑर्लिकॉनच्या साहाय्यानं. तिचा एच-२२ लेथ आणि एफएन-२ मिलिंग ज्यांनी चालवलं ते अजून घरातल्या बैलांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलतात.

पंच टेप. हे आपल्याकडं न येताच गेलं. सीएनसीचा मूळपुरुष १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत दाखवला गेला, सिनसिनाटी कंपनीचं एक मिलिंग मशीन, पण भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम घेणारं. कल्पना जॉन पार्सन्स यांची, हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करताना सुचलेली. कागदाची पट्टी गेली, फ्लॉपी आली आणि गेली. त्या काळाचे जी-कोड मात्र अजून तेच आहेत: जी०१ म्हणजे सरळ काप, जी०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेनं कमान. आजचा पोरगा टाइप करतो ती भाषा सत्तर वर्षांच्या घरातली आहे.

नमुना. सगळ्यात मोठी गोष्ट ही. राइस मिलचा हलर बंद पडतो, ऐन हंगामात. बाहेर धानाच्या बंड्या आणि ट्रॅक्टर उभे. मिलमालक गोणपाटात गुंडाळून एक तुकडा आणतो: बिडाचं गिअर, दोन दाते उडालेले, बाकीचे झिजून सुरीसारखे झालेले. ड्रॉइंग नाही. बनवणाऱ्या कंपनीचं नाव घासून गेलेलं, कंपनीही बहुधा उरलेली नाही. सीएनसीचं दुकान पहिला प्रश्न विचारतं: ड्रॉइंग आहे? दुसरा: किती नग? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. प्रोग्रॅम लिहायला, टूल लावायला, पहिला नग पास करायला जो वेळ जातो तो शंभर नगांवर वाटला तर स्वस्त, एकावर पडला तर महाग. आणि झिजलेल्या तुकड्याचं माप जसंच्या तसं घेतलं तर नवा तुकडा झिजलेलाच जन्माला येतो.

जुना मिस्त्री तुकडा हातात घेऊन आधी झीज वाचायचा. दाते एकाच बाजूनं खाल्ले असतील तर भार कुठून येतो ते कळलं. गिअर एका कडेला जास्त घासलं असेल तर शाफ्ट वाकलाय, नाहीतर बुश गेलाय. नुसतं गिअर करून दिलं तर महिन्याभरात पुन्हा मोडेल. मग तो बाहेरचा व्यास आणि दात्यांची संख्या घ्यायचा, दोहोंतून पिच काढायचा, आणि मूळ माप काय असेल ते ठरवायचा. मोजणं आणि ओळखणं यांत फरक आहे, आणि वर्कशॉपची सगळी विद्या त्या फरकात होती. थ्रीडी स्कॅनर मोजतो, अतिशय उत्तम मोजतो. ओळखायला शिकवणारी जागा मात्र तीच शेड होती.

सबंध गिअर करायला वेळ नसेल तर दाताच बसवायचा. मोडक्या जागी गाळा काढायचा, खाली रुंद आणि वर अरुंद, त्यात लोखंडाचा ठोकळा बाजूनं ठोकून बसवायचा, दोन्ही कडांना पिना. कधी नुसत्या खुंट्या आटे पाडून ओळीनं बसवायच्या आणि त्यांच्यावर वेल्डिंग चढवायचं. मग शेजारच्या चांगल्या दात्याचा पत्र्यावर छाप काढून त्या मापानं कानशीनं घडवायचं. कानस घासताना सपाटी राखणं हे आयटीआयच्या फिटरचं पहिलं वर्ष होतं. संध्याकाळी गिअर बसायचं, रात्री हलर सुरू. तसा दाता किती दिवस टिकायचा? हंगाम काढायचा. तेवढंच मागितलेलं असायचं.

हलरही उठत चालले. एकाच खोक्यात धान भरडायचा आणि तांदूळही पॉलिश करायचा, पण कनकी फार पाडायचा. आता रबर रोलचे शेलर, आणि मोठ्या मिलमध्ये दाणा दाणा पाहून काळा तांदूळ उडवणारी मशीन. त्यांचे भाग कंपनीकडून येतात, पेटीत, नंबर घालून. भाग येईपर्यंत मिल उभी राहते.

नॅरोगेज. गोंदिया ते चांदा फोर्ट हा आपला मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. नागपूर–नागभीडची छोटी गाडी २०१९ पर्यंत चालली. अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाड्या शेवटी शेवटी शेडमधल्या हातांनी चालत होत्या, कारण दुकानात त्यांचे भाग मिळत नव्हते. नागपूरच्या मोतीबागेत त्यांचं संग्रहालय आहे. तिथं इंजिनं ठेवली आहेत. त्यांचे बुश ज्यांनी कातले त्यांचे हात ठेवता येत नाहीत.

निर्लेखन. सरकारी संस्थेतलं जुनं मशीन असं जातं. समिती बसते, वय पाहते, किंमत ठरवते, यादी होते, लिलाव होतो. दप्तराच्या दृष्टीनं सगळं रीतसर. आयटीआयमध्ये सीएनसी येणं गरजेचंच आहे. कोनसरीत पोलादाचं काम उभं राहतंय, जिल्ह्यातल्या पोरांना तिथं नोकरी हवी असेल तर सीएनसीच्या फॅनुक कंट्रोलचा पडदा वाचता आला पाहिजे. त्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. यादी करणाऱ्यांना विनंती एवढीच, की गडचिरोली-चंद्रपुरातल्या ज्या ज्या आयटीआयत अजून असेल, तिथला एक शेपर, एक डिव्हायडिंग हेड त्याच्या पेटी आणि थाळ्यांसकट, आणि बदली चाकांचं पुरं जुडगं त्या यादीतून वगळावं. शेपरला एक कोपरा पुरतो, वीजही थोडी लागते. सेवानिवृत्त मिस्त्री गावात आहेत. त्यांना आठवड्यातले दोन दिवस मानधनावर बोलवावं, आणि मशिनिस्टच्या पोरांना पहिला जॉब ड्रॉइंगवरून न देता शेजारच्या राइस मिलमधून आणलेल्या मोडक्या तुकड्यावरून द्यावा.